दुसरा ब्रेक

५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्याकडेही ठीक असेलच. हवा कोरडी आहे, कुंड्यांना दोनदा पाणी घालावं लागतं.

पत्राची रीत पाळून झाली. आता हातातलं काम खाली ठेव आणि खुर्चीत बस. उभ्याने वाचू नकोस.

फोन सोडून पत्र का लिहितेय, तर फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. 'ताई, मला' एवढं म्हटलं की तुझं सुरू होतं: काय झालं, कुठे लागलं, कोण काय बोललं, मी येते. पत्रात तुला मध्येच बोलता येणार नाही. बोललीस तरी मला ऐकू येणार नाही.

तर, माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं. होऊन गेलं. मी घरी आहे, शुद्धीवर आहे आणि हे पत्र माझ्याच हाताने लिहितेय. अक्षर काय, पूर्वीपासूनच असं आहे.

मणक्याच्या आत, मज्जारज्जूला खेटून एक गाठ वाढली होती. कॅन्सरची नव्हती. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, मगच पुढे जा. गाठ केवढी होती यावर मात्र एकमत नाही. फोटो काढणारा म्हणाला वाटाण्याएवढी. मोठे डॉक्टर म्हणाले द्राक्षाएवढी. आमचे हे दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना चष्मा घालता घालता सांगतात, संत्र्याएवढी. आणखी महिनाभर दुकान चाललं तर कलिंगडावर जातील.

गोष्ट सुरू झाली ती गाडीपासून. आमच्या शिकाऊ गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा माझ्या. शिकणारा घाबरला की तो डोळे मिटतो आणि मी ब्रेक दाबते. ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एवढंच. तर गेल्या वर्षाच्या शेवटी गाडी भर रस्त्यात आपोआप अडखळायला लागली. शिकणारे बिचारे जोर लावताहेत, गाडी कण्हतेय, पण पुढे काही जात नाही. मी त्यांनाच झापायची. 'क्लचवरून पाय काढा! हे काय घरचं पायपुसणं आहे?'

शेवटी गाडी गॅरेजमध्ये धाडली. आपल्या उस्तादने ब्रेक उघडले, साफ केले, लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा धाडली. उस्ताद स्वतः चालवून घेऊन आला आणि म्हणाला, 'बाई, लोण्यासारखी पळतेय.' मी म्हटलं, 'तुमच्यासमोर पळते आणि माझ्यासमोर नखरे करते.' तिसऱ्या खेपेला मी त्याला कामचोर म्हणाले. तो गप्प बसला. गप्प बसणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो, तुला माहीतच आहे.

माझी एक विद्यार्थिनी आहे, दातांची डॉक्टर. लोकांच्या तोंडात बेधडक हात घालते, पण गिअरला हात लावायचा म्हटलं की दोन्ही हात मांडीखाली दडवते. एका सकाळी चौकात गाडी बंद पडली आणि ती अगदी अदबीने म्हणाली, 'मॅडम, रागावणार नसाल तर एक सांगू? तुमचा पाय ब्रेकवर आहे.'

'नाहीये.'

'आहे, मॅडम.'

'इतकी वर्षं शिकवतेय. माझा पाय कुठे आहे ते मला कळत नाही?'

तिने नुसतं खाली बोट दाखवलं. मी वाकून पाहिलं. ताई, पाय ब्रेकवर होता. चांगला रोवून ठेवलेला. मी समजत होते की तो बाजूला चटईवर आहे. मागे सगळे भोंगे वाजवत होते आणि आम्ही दोघी माझ्या पायाकडे बघत बसलो होतो.

उस्तादची मी माफी मागितली. तो आधी पोट धरून हसला. मग फोटोत गाठ दिसल्याचं त्याला कळलं, तेव्हा त्याने माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं.

ऑपरेशनबद्दल मला काय माहीत असणार, मी झोपले होते. मणक्याची मागची कमान काढली, आतलं आवरण उघडलं, गाठ सोडवून घेतली आणि पुन्हा शिवलं. माझ्या पायांना वायरी लावल्या होत्या. मी झोपलेली असताना पाय जागे आहेत ना, हे बघायला एक बाई मशीनसमोर वेगळी बसवली होती. म्हणजे तिथेही दोन ब्रेक. डॉक्टर गाडी चालवणार आणि ती म्हणणार, 'सावकाश.' मला हे फार पटलं.

नंतर उशीशिवाय सपाट झोपवलं. छताखेरीज बघायला काही नव्हतं. आता मी वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि परत येते. परत येताना काही आणता येत नाही, कारण हात वॉकरवर असतात. त्यामुळे जाण्याला फारसा अर्थ नसतो, पण जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तू येऊ नकोस. हे दुपारनंतर दुकान बंद ठेवून घरीच असतात आणि मला कसलीही गरज नाही. मी बरी होईन, पुन्हा गाडीत बसेन, मग स्वतः स्टेशनवर तुला न्यायला येईन. तेव्हा ये. त्याआधी आलीस तर दार उघडणार नाही.

तुझी,
धाकटी

२० एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र मिळाल्यावर तू फोनवर जे काही बोललीस त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तराला जागाच ठेवली नव्हतीस. तुझा राग शंभर टक्के बरोबर आहे. सख्ख्या बहिणीला ऑपरेशन उरकल्यावर पत्राने कळवणारी मी दगडाची आहे, हेही बरोबर. आता राग संपला असेल तर बातम्या ऐक.

वॉकर सुटला, काठी आली. हे काम व्यायाम घेणाऱ्या मुलीचं. दिसायला चिमणी, पण मी तिला हवालदार म्हणते. तोंडावरच म्हणते, तिला आवडतं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, 'टाच आधी टेका, मग बोटं. समोर बघा, पायाकडे बघू नका.' मी म्हटलं, 'अगं, पायाकडे बघितलं नाही तर तो आहे की गेला ते मला कळायचं कसं?' ती म्हणाली, 'म्हणूनच बघू नका.' आयुष्यभर मी लोकांना 'समोर बघा, गिअरकडे बघू नका' असं ओरडत आले. आता कळतं, समोर बघायला सांगणाऱ्याचा गळा किती दाबावासा वाटतो ते.

ह्यांचं काय सांगू! माणूस देवासारखा आहे, पण देव आठवड्यातून एकदा भेटलेला बरा. चष्मेवाल्याचा हात, सवय जाणार कुठे? उशी लावली की विचारतात, 'हे बरं, की हे?' पडदा ओढतात, 'आता बरं, की आधीचं बरं?' परवा मी शिंकले तर विचारलं, 'ही बरी होती की कालची?' तरी एक खरं, आमच्या घरात तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलची बाई नांदतेय आणि नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

दवाखान्यात एक शिकाऊ डॉक्टरीण ऑपरेशननंतर रोग्यांचं आयुष्य कसं चाललंय त्याची चौकशी करते. गोड आहे, पण तिचे प्रश्न ऐक. 'तुम्ही न थांबता एक किलोमीटर चालू शकता?' मी म्हटलं, 'दाराशी गाडी असताना पूर्वी तरी कुठे चालत होते?' 'जिना चढताना त्रास होतो?' 'आमचं घर तळमजल्यावर आहे.' 'गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा उदास वाटलं?' यावर ह्यांनी मध्येच तोंड घातलं, 'हिला नाही, आम्हाला वाटलं.' बिचारीला हसू आवरेना. शेवटी म्हणाली, 'एकंदरीत तुमचं आयुष्य समाधानकारक आहे, असं समजू का?' मी म्हटलं, 'खुशाल समजा.'

एक गंमत सांगते. डोळे मिटले की माझा तोल जातो. डोळ्यांनी सांगितल्याशिवाय पायांना जमीन कळत नाही. आता डोक्याला साबण लावायचा आणि डोळे उघडे ठेवायचे हे कोणाच्या बापाला जमलंय? पहिल्यांदा मी भिंत समजून टॉवेल धरला आणि टॉवेलसकट खाली आले. ह्यांनी दार ढकललं, तर मी फेसात बसलेली. 'लागलं का?' विचारायचं सोडून म्हणाले, 'हलू नकोस, मी चष्मा घेऊन येतो.' आता प्लास्टिकच्या खुर्चीत बसून अंघोळ करते, राणीसारखी.

नळी निघाली. कुठली ते विचारू नकोस, तुला कळलं. आता वाटो न वाटो, ठरलेल्या वेळी जाऊन यावं लागतं, कारण वेळ झाल्याचं आतून नीट कळत नाही. हवालदार म्हणते सुधारेल. तोवर मी शाळेच्या घंटेसारखी वागते.

उजवा पाय जरा आळशी आहे. चालायचंच.

तुझं पार्सल मिळालं. रबरी चादर, बेडपॅन, आईची ती पितळी घंटी. सगळं जपून ठेवलं होतंस, धन्य आहे तुझी! चादर ह्यांनी गाडीवर घातली. बेडपॅनची इथे गरज पडणार नाही, मी आता उठून जाते, वर लिहिलंय ना. घंटी ह्यांनी दुकानात नेली. काउंटरवर ठेवली आहे, गिऱ्हाईक आलं की वाजवतं.

या महिन्यात येऊ नकोस. पाहुण्यांच्या खोलीला रंग द्यायचा आहे आणि वासाने तुझं डोकं दुखतं.

तुझी,
धाकटी

११ जून

प्रिय ताई,

खोलीला रंग दिलेला नाही. द्यायचाही नव्हता.

घंटी दुकानात नाही. पार्सल उघडलं तेव्हा ती वर होती, हातात घेतली तशी वाजली. तो आवाज ऐकून मी खोका बंद केला आणि त्यावर बसून रडले. ह्यांना वाटलं पाठ दुखतेय. घंटी माळ्यावर आहे, लोलकाला दोरा बांधून.

गेल्या महिन्यात जे झालं ते आधी सांगते. ते ऐकून हस, मला चालेल. मीही आता हसते.

मला वाटायला लागलं होतं, पुरे झालं घरी बसणं. काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानात जाते, भाजी निवडते, ह्यांच्याशी भांडते, मग गाडीत बसायला काय हरकत? पण शिकाऊ माणसाचा जीव धोक्यात घालायचा नव्हता, म्हणून ह्यांना चालवायला बसवलं. नवऱ्याच्या जिवाचं आपण एवढं मनावर घेत नाही. गावाबाहेर आमचं शिकवायचं मोकळं मैदान आहे, कडेला जुन्या टायरांची रास. उस्तादही बरोबर आला, लांब उभा राहिला, टायरांच्या मागे. त्याला माणसांची पारख आहे.

ह्यांनी गाडी सुरू केली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं, जसं ते पळून जाणार आहे. पहिल्या गिअरमध्ये बरे गेले. मग त्यांना वाटलं आपल्याला येतंय, आणि असं वाटलेला माणूसच सगळ्यात धोक्याचा. टायर समोर आले. मी म्हटलं, 'थांबा.' ते म्हणाले, 'तू थांबव ना, तेच तर बघायचंय!' मी ब्रेक दाबला.

ताई, मी जिवाच्या आकांताने दाबला. मांडी थरथरली, दातओठ खाल्ले, सगळं केलं. गाडी टायरांत शिरली. उस्ताद एका बाजूला, त्याची टोपी दुसऱ्या बाजूला. आमचे हे डोळे मिटून विचारताहेत, 'थांबली का?'

मी खाली पाहिलं. पाय ब्रेकच्या शेजारी होता. चटई दाबत होता, इमानेइतबारे, सगळी ताकद लावून.

कोणाला काही लागलं नाही. ह्यांच्या चष्म्याची काडी वाकली, ती त्यांनी तिथेच सरळ केली. उस्ताद टोपी झटकत आला आणि म्हणाला, 'या खेपेलाही गाडीत दोष नाही, बाई.' आम्ही तिघंही खूप हसलो. घरी येऊन मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि नळ सोडून ठेवला.

डॉक्टरांना विचारलं. ते खोटं बोलत नाहीत, म्हणून मला आवडतात. म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, दर वर्षी फोटो काढून बघायचा. ऑपरेशन केलं नसतं तर तुम्ही आज खाटेवर असता. पायाची ताकद येईल. स्पर्श मात्र कितपत येईल सांगता येत नाही, वर्षभर वाट बघा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मी म्हटलं, 'म्हणजे ऑपरेशन यशस्वी?' ते म्हणाले, 'माझ्या बाजूने हो. तुमच्या बाजूने तुम्ही ठरवा.' दाराबाहेर येईपर्यंत मला त्यांचा राग आला होता. रिक्षात बसेपर्यंत तो गेला.

उस्ताद आता माझ्यासाठी हाताचा ब्रेक बसवतोय. माझ्या सीटच्या बाजूला एक दांडा येईल, तो ओढला की गाडी थांबेल. हाताला सगळं कळतं, तो शाबूत आहे. परवाना कार्यालयातले साहेब पुढच्या महिन्यात मागच्या सीटवर बसून बघणार. मी दांड्याने गाडी वेळेवर थांबवली, तर शिकवायची परवानगी राहील. नाही थांबवली, तर गेली. ही नोकरी नाही, ताई, तुला माहीत आहे. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही आवडतही नाही.

साहेब म्हणाले, चालवणारा खरा शिकाऊ हवा. हे बाद झाले, टायरांना धडकल्यापासून ते स्वतःला ड्रायव्हर समजतात आणि रिक्षावाल्यांना सूचना देतात. म्हणून तू ये. बासष्ट वर्षांत तू स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस. तुझ्याइतकी कोरी पाटी मला मिळणार नाही.

इथवर काल लिहिलं होतं आणि पाकीटही काढून ठेवलं होतं. आज सकाळी पुन्हा वाचलं, तर ही नवी पळवाट दिसली. शिकाऊ माझ्याकडे ढीगभर आहेत. दातांची डॉक्टर तर कधीपासून तयार बसली आहे, म्हणते माझ्याइतकी वाईट गाडी कोणी चालवत नाही, मॅडम, मलाच न्या.

तुला लांब ठेवलं ते का, ते सांगते. आईचे पाय गेले तेव्हापासून शेवटपर्यंत तू तिची कूस बदललीस. मी सुट्टीला यायची, दोन दिवस गमतीजमती सांगायची आणि निघायची. तू तिथेच असायचीस. घंटी वाजली की उठायचीस, हातात घास असला तरी. माझा पाय ब्रेकवर सापडला ना, तेव्हा त्या चौकात मला आधी आई आठवली आणि लगेच तू. वाटलं, हिने पुन्हा एकदा हेच करायचं? आता कुठे ती सकाळी उशिरापर्यंत झोपायला लागली आहे. म्हणून ठरवलं, उभी राहिले तरच कळवायचं, गाडी चालवत आले तरच भेटायचं. तू मला चालताना बघावंस, तेही झोकात, काठीशिवाय. आडवी बघू नयेस.

तसं काही होणार नाही, ताई. मी अशीच दिसणार आहे, जरा वाकडी, खाली बघत चालणारी, घड्याळ लावून संडासला जाणारी. बरी आहे, आणि अशी आहे. दोन्ही एकदम खरं आहे.

आणि मला गरज आहे. पाठीवरचा व्रण मी अजून पाहिलेला नाही. आरशात तेवढी मान वळत नाही. ह्यांना विचारलं तर 'छान आहे' म्हणतात, पण तेल लावताना त्यांचा श्वास अडकतो, तो मला कळतो. त्यांना भीती वाटते. मलाही वाटते. रोज वाटते, विनोद सांगताना सगळ्यात जास्त. तू आईची पाठ रोज बघायचीस, कुठे लाल झालंय, कुठे भरून येतंय, हे तुझ्या बोटांना आधी कळायचं. तशी माझी पाठ बघ. हात फिरव आणि जे असेल ते सांग, चांगलं असो की वाईट. तुझ्यासमोर मला रडायला येईल, तर रडू दे. मध्ये बोललीस तरी चालेल.

स्टेशनवर मी येणार नाही. रिक्षा करून ये, रिक्षावाल्याला चष्म्याचं दुकान सांग. दार मीच उघडेन, पण भिंतीला धरून येईन, वेळ लागेल. कोणी नाही असं समजू नकोस. थांब.

तुझी वाट बघणारी,
धाकटी